शेवटच्या प्रकरणात पान उलटलं नाही

हेडफोन काढले, कान चोळले, परत घातले. फाइल पुन्हा पहिल्यापासून लावली. तरी तेच. शोभाताईंनी कादंबरीचं शेवटचं प्रकरण फार सुंदर वाचलं होतं, आणि त्यात पान उलटल्याचा आवाज एकदाही नव्हता.

यात घाबरण्यासारखं काय, असं कोणालाही वाटेल. मला मात्र घाम फुटला होता. का, ते सांगते.

मी सगळी नोकरी रेडिओ केंद्रात साउंड रेकॉर्डिस्ट म्हणून केली. रिटायर झाल्यावर घरात बसून सुनेच्या मिक्सरला नावं ठेवण्यापेक्षा बरं म्हणून नाशिकमधल्या एका छोट्या संस्थेचं काम घेतलं. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी आम्ही ऑडिओबुकं करतो. जुन्या गाजलेल्या परदेशी कादंबऱ्या मराठीत सोप्या करून, थोडक्यात सांगितलेल्या. आमचे व्हॉलंटियर त्या वाचतात आणि मी मागून साफसफाई करते. साफसफाई म्हणजे एडिटिंग. खोकला काढायचा, अडखळलेलं वाक्य कापायचं, पोटात कावळे ओरडले असतील तर तेही काढायचे. आणि पानाचे आवाज काढायचे. वाचून झालेला कागद बाजूला सरकवताना बारीक खस्स येतं. वाचणाऱ्याला ते ऐकू येत नाही, माइक मात्र सोडत नाही.

आता बहुतेक जण टॅबवरून वाचतात. शोभाताई नाही. "त्या काचेवर माझी नजर घसरते," म्हणतात. त्यामुळे त्यांच्या प्रत्येक प्रकरणात ही खसखस असते, आणि ती काढताना मी मनातल्या मनात बाईंना बोलून घेते. या वेळी बोलायला काही सापडेना. याचा अर्थ एकच होता. बाई समोरच्या कागदावरून वाचत नव्हत्या.

मी पुस्तक घेतलं आणि ओळींवर बोट ठेवून ऐकायला लागले. पहिलं पान जुळलं. दुसऱ्या पानावर माझं बोट एकीकडे आणि शोभाताई भलतीकडे.

कादंबरीचं नाव लिहीत नाही. प्रकाशक हे वाचतील आणि मला फोन करतील. गोष्ट एका नावाड्याची आहे. त्याची धाकटी बहीण भांडून नदीपलीकडे निघून जाते. हा रोज संध्याकाळी धक्क्यावर कंदील लावतो, ती आलीच तर तिला काठ दिसावा म्हणून. अशी वर्षं जातात. शेवटच्या प्रकरणात, ऐन थंडीत, नावाडी मरतो. बहीण आलेली नसते. कंदील त्या दिवसापासून शेजारचा माणूस लावतो आणि रिकामी होडी धक्क्याला बांधलेली राहते. संपलं.

शोभाताईंच्या फाइलमध्ये बहीण आली. धुक्यातून आली, भाऊ म्हणाला, "उशीर केलास." ती म्हणाली, "कंदील दिसत होता रे." मग दोघांनी चुलीपाशी बसून गरम भाकरी खाल्ली. त्या परदेशात भाकरी कुठून आली, ते काही बाईंनी सांगितलं नव्हतं.

खरं सांगते, ऐकताना मलाही क्षणभर बरं वाटलं. मग मस्तक फिरलं.

कारण पुस्तकाचे प्रकाशक पुण्याचे. वयस्कर आणि भलते काटेकोर. त्यांनी त्यांच्या अख्ख्या मालेची परवानगी आम्हाला एक पैसा न घेता दिली होती. अट एकच, एक शब्द इकडचा तिकडे होता कामा नये. पहिली कादंबरी ते स्वतः पुस्तक मांडीवर घेऊन ऐकणार होते. ती पसंत पडली तरच बाकीच्या मिळणार. फाइल सोमवारी पाठवायची होती आणि मी हे शोधलं गुरुवारी. बाकीच्या कादंबऱ्यांची वाट बघणारे श्रोते इकडे पेठपासून तिकडे मालेगावपर्यंत बसलेले. भाकरीच्या एका तुकड्यापायी त्यांच्या तोंडचं सगळं जाणार होतं.

मी शिरोडे शेठना फोन लावला. शेठ आमच्या संस्थेचे अध्यक्ष. सातपूरला त्यांचा पॅकिंगच्या फोमचा कारखाना आहे, आणि आमचा स्टुडिओ म्हणजे त्यांच्या गोडाऊनचा एक कोपरा. चारी बाजूंनी आणि डोक्यावर फोमच्या जाड शीट लावल्या की आतला आवाज घुमत नाही. लाखाच्या स्टुडिओपेक्षा बरा चालतो.

"मॅडम, शेवट गोडच केला ना त्यांनी? मग बिघडलं काय?" शेठ म्हणाले.

"शेठ, गिऱ्हाइकाने पाच एमएमचा फोम मागवला आणि तुमच्या माणसाने दहाचा पाठवला, तर?"

"दहाचा महाग असतो. गिऱ्हाईक खूश होईल."

"आणि त्याचा माल खोक्यात बसला नाही तर?"

खोक्याचं शेठना पटलं. "शनिवारी परत रेकॉर्ड करा," म्हणाले. "पण ताईंना फार बोलू नका. त्या सोडून गेल्या तर?"

भीती खरी होती. एका कादंबरीला एकच आवाज लागतो. शोभाताई उठून गेल्या असत्या तर दुसऱ्या कोणाकडून पहिल्या पानापासून सगळं पुन्हा वाचून घ्यावं लागलं असतं. सोमवार विसरा, दिवाळीपर्यंतही झालं नसतं. आणि तो आवाज कुठून आणणार? शोभाताईंनी नोकरीभर बस स्टँडवर गाड्यांची घोषणा केली. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, ते सांगण्यात आयुष्य गेलं. इतक्या गोंगाटात हजारो माणसांना एका वाक्यात कळेल असं बोलायचं, आणि तेही न ओरडता. असा गळा शिकवून तयार होत नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना शेठच्या ऑफिसात बोलावलं. चहा आला. मी गोडीत सुरुवात करायचं ठरवलं होतं, पण मला ते जमत नाही.

"शोभाताई, शेवटच्या प्रकरणात तुम्ही पानं उलटली नाहीत."

त्यांनी चष्मा काढला. "ऐकू आलं?"

"आलं नाही. म्हणूनच कळलं."

त्या हसल्या नाहीत. कप खाली ठेवला. "आबांसाठी केलं मी ते."

हे आबा कोण, ते सांगते. आमची एक पद्धत आहे. प्रत्येक व्हॉलंटियरला एक पहिला श्रोता जोडून दिलेला असतो. प्रकरण वाचून झालं की एडिटिंगच्या आधीच ते कच्चं त्याला पाठवायचं. त्याने ऐकून फोन करायचा. वेग बरा आहे का, शब्द कळतात का, कंटाळा येतो का. फोन नेहमी त्याने करायचा, आपण नाही. नाहीतर माणूस भिडेखातर छान म्हणतो. शोभाताईंचे पहिले श्रोते देवळ्याचे आबा. आयुष्यभर कांदा साठवायच्या चाळी बांधल्या, मग काचबिंदूने डोळे गेले. माणूस रोखठोक. "ताई, त्या तिसऱ्या भागात तुम्ही लय पळाल्या," असं सांगणारा.

"दर आठवड्याला त्यांचा फोन," शोभाताई म्हणाल्या. "बाकी काही विचारत नाहीत. एकच प्रश्न. ताई, बहीण येते का? आणि मागच्या वेळी म्हणाले, मला तर वाटतं ती नाय येणार. असं काही म्हणाले ना, मॅडम, मला रात्रभर झोप नाही. त्यांची बहीण नक्की रुसून कुठेतरी गेलेली असणार. डोळे गेलेले, घरात एकटा बसलेला माणूस. त्याला मी कोणत्या तोंडाने सांगू की येत नाही म्हणून?"

"बहीण रुसलीय, हे त्यांनी सांगितलं तुम्हाला?"

"असल्या गोष्टी कोणी सांगतं का?"

"म्हणजे तुमचा खोटा शेवट आबांनी ऐकलाय."

"मागच्या शनिवारीच पाठवला. अजून फोन नाही त्यांचा." मग त्या हळूच म्हणाल्या, "बरं वाटलं असेल त्यांना."

मी तावातावाने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. ऐकणं हाच माझा धंदा आहे. माणूस दुसऱ्याची गोष्ट सांगतो तेव्हा आवाज तोंडात पुढे असतो. स्वतःची सांगायला लागला की तो मागे घशात जातो. शोभाताईंचा आवाज केव्हाचा घशात गेला होता.

"शोभाताई," मी विचारलं, "तुम्हाला भाऊ आहे?"

त्यांनी टेबलावरचा फोमचा एक नमुना उचलला, चेपला, परत ठेवला. मग बोलल्या. माहेर नांदगावचं. एकच भाऊ, पाठचा. वडील गेल्यावर एका भाऊबीजेला त्याने जेवणाच्या आधी हक्कसोडीचा कागद पुढे ठेवला. हक्कसोड म्हणजे वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा बहिणीने भावाच्या नावे सोडून देणं. आपल्याकडे बहिणी बहुतेक वेळा सही करून मोकळ्या होतात. शोभाताई म्हणाल्या, "आधी जेव तर, मग बघू." तो भरल्या ताटावरून उठून गेला. त्यानंतर आला नाही.

"मी दर भाऊबीजेला ओवाळायचं ताट करते, मॅडम. निरांजन लावते. संध्याकाळपर्यंत ठेवते. आणि नोकरीत असताना रोज नांदगावची गाडी फलाटावर लागल्याचं सांगायचे. त्या गाडीत कधी बसले नाही."

मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण सोमवार तोंडावर होता.

"शोभाताई, तुमच्या भावाचं मला माहीत नाही. पण त्या नावाड्याची बहीण येत नाही. लिहिणाऱ्याने ती आणलेली नाही. आबांना दिसत नाही, म्हणून त्यांना आपण वेगळं पुस्तक द्यायचं का? डोळस माणसाला खरा शेवट आणि त्यांना गुळाचा खडा?"

हे त्यांना लागलं. लागावं म्हणूनच बोलले होते. त्यांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "उद्या येते," म्हणाल्या.

शनिवार आम्ही मुद्दाम निवडलेला वार. एमआयडीसीला शनिवारी सुट्टी, त्यामुळे आजूबाजूची मशीनं बंद. आमच्या भिंतीला भिंत लावून पत्र्याचं काम करणारं वर्कशॉप आहे. तिथला पॉवर प्रेस चालू असला की दर ठोक्याला आमचा माइक उडी मारतो. फोम घुमणं थांबवतो, जमिनीतून येणारा दणका त्याच्या बापालाही आवरत नाही.

मी सातपूरच्या फाट्यावरून आत वळले आणि लांबूनच ऐकलं. धाड. धाड. धाड. प्रेस चालू.

शेजारच्या सुपरवायझरकडे गेले. तोही वैतागलेलाच होता. "मॅडम, अर्जंट ऑर्डर आहे. सुट्टी कॅन्सल करून पोरं बोलावलीत. संध्याकाळपर्यंत चालणार."

"अर्धा तास बंद ठेवा."

"मालक मला बंद ठेवतील. जेवायच्या सुट्टीत बंदच असतो, तेव्हा काय करायचं ते करा."

शेवटचं प्रकरण साधारण तेवढंच होतं. म्हणजे एकदाच वाचायचं. चुकलं तर परत घ्यायला वेळ नाही, आणि उद्या-परवा करू म्हणायला दिवस नाही. शोभाताईंना हे सांगितलं तेव्हा त्या फक्त "बरं" म्हणाल्या. हातातल्या काचेच्या बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, घोटभर कोमट पाणी प्यायल्या, आत गेल्या. मी बाहेर हेडफोन लावून बसले. आम्ही दोघी भिंतीपलीकडचे ठोके ऐकत थांबलो.

भोंगा झाला. एक ठोका, आणि मग शांतता. मी मधल्या काचेवर टकटक केली.

त्यांनी सुरुवात केली. पहिलं पान, आणि मग खस्स. अख्ख्या कारकिर्दीत तो आवाज ऐकून मला पहिल्यांदा आनंद झाला. बाई कागदावरून वाचत होत्या. थंडी आली, नदी गोठायला लागली, नावाड्याचा खोकला वाढला. खस्स. शेजारी विचारतो, आज कंदील नाही लावला तर चालेल का. नावाडी नाही म्हणतो. खस्स. तो मरतो त्या वाक्यापाशी त्या थांबल्या. इतक्या थांबल्या की मला वाटलं, आता उठतात. मी घड्याळाकडे बघितलं. भिंतीपलीकडे डबे बंद केल्याचे आवाज यायला लागले होते.

मग त्यांनी ते वाक्य वाचलं. गाडी फलाटाला लागल्याचं सांगावं इतक्या सरळ आवाजात वाचलं. रडणं नाही, कापरेपणा नाही. माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि पुसायला हात मोकळा नव्हता, कारण एक आवाजाच्या बटणावर आणि दुसरा पुस्तकावर. शेवटचं पान आलं. शेजारी कंदील लावतो. रिकामी होडी धक्क्याला बांधलेली आहे. शेवटचा शब्द त्यांच्या तोंडून सुटतो न सुटतो, तोच धाड. जेवणाची सुट्टी संपली.

घरी येऊन फाइल उघडली. ठोका शेवटच्या अक्षराच्या शेपटीवर बसलेला. तो कापला तर अक्षर तुटतं. मी हर तऱ्हेने करून बघितलं. शेवटी जमेल तेवढा दाबून मऊ केला आणि तसाच ठेवला. पानांचे आवाज मात्र एकूण एक काढले, आणि या वेळी बाईंना काही बोलले नाही.

रविवारी शोभाताईंनी स्वतः नवा शेवट आबांना पाठवला. सोबत बोलून मेसेज टाकला, "आबा, आधीचा शेवट चुकीचा होता. हा पुस्तकातला आहे. माफ करा." सोमवारी फाइल पुण्याला गेली.

प्रकाशकांचा फोन त्याच आठवड्यात आला. मी उभी राहून घेतला.

"पगारे मॅडम, ऐकलं. पुस्तक घेऊन ऐकलं."

"बरं, सर."

"चौथ्या प्रकरणात दोन ठिकाणी घाई झाली आहे."

"हो सर."

"पण शब्द सगळे आहेत. वाचणाऱ्या बाई कोण? त्यांना सांगा, मी समाधानी आहे. आणि शेवटी ती होडी धक्क्याला लागल्याचा आवाज टाकला आहे तुम्ही. मी अशा गोष्टींच्या विरोधात आहे. पण तो चांगला आहे. राहू द्या."

ऑडिओबुकात साउंड इफेक्ट टाकणाऱ्यांवर मी आजवर जेवढं तोंडसुख घेतलं आहे, तेवढं कोणावर घेतलं नसेल. मी म्हणाले, "थँक यू, सर." शेठना कळवलं, तर ते शेजारी जाऊन प्रेसवाल्या पोरांना पेढे वाटून आले. कशाचे, ते त्यांना सांगितलं नाही.

पुढच्या कादंबऱ्या मिळाल्या. पण शोभाताईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. आबांचा फोन नाही. पहिल्या शेवटानंतर आला नव्हता, दुसऱ्यानंतरही नाही. एक शनिवार त्या आल्याच नाहीत. दुसऱ्या शनिवारी आल्या, सवयीने बांगड्या काढून खिडकीत ठेवल्या, पण नवं पुस्तक हातात घेईनात.

"मी आधी त्यांना खोटी आशा दाखवली आणि मग काढून घेतली," म्हणाल्या. "आहे तेच वाचलं असतं तर बरं झालं असतं. मी आता वाचणार नाही, मॅडम. दुसरं कोणी बघा."

मी काही बोलणार, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी नाव बघितलं आणि फोन माझ्या हातात दिला. "तुम्ही घ्या. मला नाही होणार." मी बटण दाबलं, स्पीकर लावला आणि मधे ठेवला.

"ताई, आबा बोलतो. फोनला उशीर झाला. घरात भांडन चालू होतं."

शोभाताई फोनकडे वाकल्या. "माझ्यामुळे का, आबा?"

"नाय तर काय. तुम्ही दोन शेवट पाठवले. आता पैज कोन जिंकलं?"

"कसली पैज?"

आबांनी सांगितलं ते असं. ते एकटे कधीच ऐकत नव्हते. रोज संध्याकाळी ओट्यावर पाच-सात जण जमतात, फोन मोठा करून मधे ठेवतात आणि कादंबरी ऐकतात. नावाड्याची बहीण येते की नाही, यावर पहिल्यापासून पैज लागलेली. आबा म्हणत होते, नाही येणार. समोरची बाजू म्हणत होती, येणार. हरेल त्याने सगळ्या ओट्याला भेळभत्ता, म्हणजे मुरमुरे-शेव, चारायचा.

"म्हणून तुम्ही मला दर वेळी विचारायचा?" शोभाताई म्हणाल्या.

"मग. आधी कळलं तर पैज वाढवता आली असती. अन् तुमचा पहिला शेवट आला, मी हरलो. सगळ्यांना भत्ता चारला. लई बोलनी खाल्ली. तिकडून दुसरा आला, त्यात मी जिंकलो. आता समोरचं मानूस म्हनतं, पहिलाच खरा, दुसरा खोटा, भत्ता देत नाय जा. रोज तेच भांडन. म्हनून फोन लावला. खरा कोनता ते तुम्ही तुमच्या तोंडानं सांगा."

शोभाताईंनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघत होते, कारण मला हसू आवरत नव्हतं.

"दुसरा खरा, आबा. पहिला मी मनाने रचला होता."

"तरीच. तो गडी इतका गोड बोलंल काय? जन्मभर नुसता कंदील लावला, अन् ती दारात आल्यावर एकदम तोंड फुटलं? पन ताई, दुसरा शेवट लावला ना, ओट्यावर कोनी बोललं नाय. उठून घरी गेले सगळे. लय बेस वाचला."

"आबा, एक विचारू? तुमची बहीण..." शोभाताई अडखळल्या.

"ही काय शेजारी बसलीय. पैज तिच्याशीच होती. पल्याडचं घर तिचं. रोज माझ्या डोळ्यात औषध घालाया येते, अन् भांडून जाते. आक्का, घे, ऐक. हरली तू."

मग मला राहवलं नाही. मी इतकी हसले की शेठ आतून बघायला आले. शोभाताईही हसल्या, डोळे पुसत हसल्या. ज्या माणसाच्या दुःखापायी आमची सगळी माला बुडणार होती, तो भत्त्यासाठी बहिणीशी भांडत होता.

फोनवर आता आक्का होत्या. त्या अहिराणीतच बोलल्या. देवळ्याकडच्या जुन्या बायका घरात तीच बोलतात. "ताई, पयला खोटा व्हता का?"

"हो, आक्का."

"मंग राहू द्या, मी भत्ता दिसू. पन एक सांगस तुमले. नुसता कंदील लाईसन कोन येस? बलावनं पडस."

म्हणजे, भत्ता मी देईन, पण नुसता कंदील लावून कोण येतं? बोलवावं लागतं.

शोभाताईंचं हसू थांबलं. "हो," म्हणाल्या, एवढंच. फोन बंद झाल्यावर खिडकीशी गेल्या आणि बांगड्या एकेक करून हातात चढवल्या. वाचायचं होतं अजून, पण मी आठवण केली नाही.

पुढच्या शनिवारी सकाळी त्यांचा मेसेज आला, "आज जमणार नाही. नांदगावच्या गाडीत बसले आहे. काल त्याला फोन केला होता." मी शेठना सांगितलं, आज रेकॉर्डिंग नाही. त्यांनी का म्हणून विचारलं, मी सांगितलं नाही.

त्यानंतरच्या शनिवारी त्या वेळेवर हजर. मला विचारायचं नव्हतं, पण मी विचारलं.

"भाऊ काय म्हणाला?"

"फारसा बोलला नाही. कागदाचं आहे तसंच आहे," त्या बांगड्या काढत म्हणाल्या. "पण जेवताना ताटावरून उठला नाही."

मग पाणी प्यायल्या आणि आत गेल्या.

या सगळ्यातून संस्थेने एक नियम केला. आता प्रत्येक पुस्तकाचं शेवटचं प्रकरण आम्ही आधी रेकॉर्ड करतो. वाचणाऱ्याचा पात्रांवर जीव जडायच्या आत ते उरकलेलं बरं. आवाज थोडा कोरा लागतो, तो मी सांभाळून घेते. ते प्रकरण कुलपात राहतं आणि पहिल्या श्रोत्याला सगळ्यात शेवटी जातं, कारण देवळ्यात पुढची पैज लागलेली असते.

शोभाताईंनी नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण काल संपवलं. पानांचे आवाज भरपूर आहेत. सध्या तेच काढत बसले आहे.